नष्ट यादीतलं एक पान

आमच्या बिल्डिंगच्या दिवाळी अंकासाठी सेक्रेटरी तीन वर्षं मागे लागले होते, "गावडे, तुमच्या नोकरीवर काहीतरी लिहा." मी म्हणायचो, माझ्या नोकरीत लिहिण्यासारखं काय आहे? दुसऱ्यांनी लिहिलेलं मी सांभाळायचो. यंदा मीच त्यांच्या दारात गेलो आणि म्हटलं, लिहितो. शिक्षण सातवी, तेही रडतखडत. चुका मुलीने, वैशालीने, काढल्यात. वाक्यं बदलायला मी दिली नाहीत.

कारण आधीच सांगतो. माझी बायको सुनंदा जाऊन चौदा महिने झाले. वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी वैशाली मुलुंडला परत जायला निघाली आणि चपला घालताना म्हणाली, "बाबा, आईच्या हातचं लिहिलेलं काही आहे का हो घरात? काहीपण चालेल. वाण्याची यादीसुद्धा चालेल."

मी म्हटलं, असेल की. कपाट उघडलं. साड्या आहेत. फोटो आहेत. चष्मा आहे, त्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. पॅन कार्डावर सही आहे, पण ती इंग्रजीत, फॉर्म भरून देणाऱ्याने गिरवून घेतलेली. ती काही सुनंदाची नाही. तिच्या हातचं मराठी एक अक्षर घरात सापडलं नाही. पलंगाखालच्या पेट्या काढल्या, देवघराचा खण काढला. नाही म्हणजे नाही.

आणि हे घर कोणाचं? ज्याने एकेचाळीस वर्षं कंपनीचा एकही कागद हरवू दिला नाही त्याचं.

अंधेरी एमआयडीसीत औषधाच्या गोळ्या बनवणारी एक कंपनी होती, तिथे मी दफ्तरी होतो. दफ्तरी म्हणजे काय हे हल्ली समजावून सांगावं लागतं. पोरांना दप्तर म्हणजे पाठीवरचं वाटतं. कंपनीत कागद येतो, त्याच्यावर शिक्का बसतो, नंबर पडतो. मग तो या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो. कोणी त्याच्यावर लिहितं, कोणी सही करतं, कोणी नुसता दाबून बसतं. सगळ्यांचं काम झालं की तो माझ्याकडे यायचा. मी त्याला फाईलमध्ये लावायचो आणि फाईलवर खडूने अक्षर काढायचो. क म्हणजे कायम. ख म्हणजे दहा वर्षं. ग म्हणजे तीन वर्षं. माणूस कधी मरणार ते डॉक्टरला सांगता येत नाही. कागद कधी मरणार ते मी तो आला त्या दिवशीच सांगायचो.

लोकांना वाटतं दफ्तरीचं काम ठेवायचं. ठेवायला काय, कोणीपण ठेवतं. आमचं खरं काम वेळेवर टाकायचं. जो टाकत नाही त्याच्या दफ्तरात गरजेचा कागद सापडत नाही. हे मला रेडकरमामांनी शिकवलं, ते माझ्या आधीचे दफ्तरी. त्यांनी दुसरंही एक शिकवलं. "इठ्ठला, कागद वाचायचो नाय. वरचो नंबर बघायचो आणि लावायचो. वाचूक बसलंस तर एक तर काम ऱ्हवता, नायतर झोप उडता." बरोबर होतं त्यांचं. कोणाला काढणार, कोणाला आजार, कोण कोणाची चुगली करतोय, सगळं माझ्या हातातून जायचं. मी एवढी वर्षं नंबर बघितले. मजकूर बघितला नाही. साहेब लोक माझ्यावर विश्वास ठेवायचे तो यासाठी.

गिऱ्हाईकं एकेक भारी होती. फाईल हरवली म्हणून जो सगळ्यात मोठ्याने ओरडतो, फाईल बहुतेक त्याच्याच टेबलावर असते. खरेदीखात्याचे एक साहेब दोन दिवस माझ्या नावाने बोंबलत होते. मी त्यांच्या केबिनमध्ये गेलो, टेबलफॅन उचलला, खालची फाईल काढून हातात दिली. म्हणाले, "अरे, फॅन हलत होता म्हणून..." मी म्हटलं, "साहेब, आता तुम्ही हलू नका, इथे सही करा."

पूर्वी आम्ही जुने कागद रद्दीत द्यायचो. एकदा फॅक्टरी मॅनेजरने गेटवर शेंगदाणे घेतले. पुडी उलगडली तर आत त्यांच्याच हातचा गुप्त शेरा, कोणत्या अधिकाऱ्याला बढती देऊ नये त्याचा. त्या दिवसापासून रद्दी बंद. बॉयलरच्या मागे सिमेंटची टाकी बांधली. नष्ट यादी बनवायची, ती सगळ्या खात्यांत फिरवायची, सह्या घ्यायच्या, मग कागद टाकीत भिजवायचे आणि गमबूट घालून तुडवायचे. लगदा झाला की यादीवर शेवटची सही माझी. मला त्याचा अभिमान होता. खोटं कशाला बोलू?

एका माणसाला मात्र मी विसरलो नाही. रिटायर झालेला फिटर होता. भिजवायच्या आदल्या दिवशी आला. त्याच्या नोकरीच्या पहिल्या अर्जावर तरुणपणीचा फोटो होता, तो मागत होता. गावचं घर जळलं, दुसरा फोटो नाही. मी म्हटलं, यादीवर सह्या झाल्या. तो म्हणाला, "दादा, सह्या यादीवर झाल्या ना? माझ्या तोंडावर कुठे झाल्यात?" तरी मी फोटो दिला नाही.

आता सुनंदाचं सांगतो.

ती त्याच कंपनीत पॅकिंगला होती, दुसऱ्या मजल्यावर. टोकन नंबर ३१८. आमचं लग्न गावच्या लोकांनी जमवलं, ती कुडाळकडची. लग्नानंतर मीच तिला चिकटवली. खोक्याच्या चार बाजू ती एका हाताने दुमडायची. घरीसुद्धा पिशवी आली की तिचा त्रिकोण करून ठेवायची. आजही फळीवर तसले त्रिकोण आहेत. मी त्यातली एकही पिशवी वापरत नाही, बाजारातून येताना नवीन आणतो. ती असती तर ओरडली असती.

वैशालीच्या वेळेला ती बाळंतपणाला माहेरी गेली. तिथून तिने मला अकरा आंतरदेशीय पत्रं लिहिली. तीन वर्षं मी ती ठेवली. मग दिवाळीच्या साफसफाईत फाडली. घरचे कागद पण मी कंपनीसारखेच ठेवायचो, पत्रं म्हणजे ग. ती समोर चकल्या पाडत बसली होती. मला म्हणाली, "फाडा, फाडा. मी मेलंय काय मग माकाय टाकीत घाला." मी हसलो. अकरा पत्रांतलं आज मला एक वाक्य आठवत नाही. पोरीला दात येतायत असं काहीतरी होतं. का तेही दुसऱ्या कोणी सांगितलं?

पुढे पॅकिंगला मशीन आलं आणि बायकांनी एकेक करून नोकरी सोडली. नोकरी सोडली की आठ वर्षांनी वैयक्तिक फाईल नष्ट करायची, असा वेगळा नियम. आठ वर्षं झाली त्या साली मी माझ्या हाताने यादीत लिहिलं, टोकन ३१८. तिचा अर्ज, तिच्या रजेच्या चिठ्ठ्या, सगळं तिच्या अक्षरात. घरी येऊन चहा पिताना मी तिला सांगितलं, "आज तुला भिजवली."

"बरी भिजलंय मा?"

"चांगली. तासाभरात लगदा."

"काय ओ, बायलेक असा कोण सांगता? तुमका काय कळता?" असं म्हणाली आणि चहात अजून दूध घातलं.

एवढं सगळं मी केलं. दुसऱ्या कोणी नाही.

वैशाली गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी मी जोगेश्वरीहून रिक्षा केली आणि कंपनीत गेलो. फॅक्टरी गुजरातेत गेली, आता तिथे काचेचं ऑफिस आहे. माझ्या खोलीला आता डॉक्युमेंट कंट्रोल म्हणतात. तिथे मृणाल मॅडम बसतात. कागद कॉम्प्युटरवर चढवायचे ठरले तेव्हा त्या नवीन लागल्या होत्या आणि तीन महिने माझ्या शेजारी स्टुलावर बसून काम शिकल्या होत्या.

"अय्या, गावडे काका! पेन्शनचं काही अडलंय का?"

"नाही. ३१८ टाका."

"३१८ काय?"

"टोकन नंबर. पॅकिंग."

त्यांनी टाकला. पडद्यावर ओळ आली. वैयक्तिक फाईल, नष्ट. पुढे नाव, वि. गावडे, दफ्तरी. त्यांनी ओळीवर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाल्या, "काका, हे तर तुम्हीच..."

"हो. आणि फाईल माझ्या बायकोची."

मी उठायला लागलो. त्या म्हणाल्या, "बसा हो. खाली अजून एक ओळ आहे."

ओळीत होतं, 'मेमो व खुलासा, सामंत केसच्या फाईलला जोडले'. पॅकिंगला सामंत म्हणून एक सुपरवायझर होता. कोणाला कशावरून मेमो देईल त्याचा नेम नसायचा. शेवटी कंपनीने त्यालाच काढला. त्याने कोर्टात केस घातली. कंपनीच्या वकिलाने त्याने दिलेले सगळे मेमो आणि बायकांनी दिलेले खुलासे वैयक्तिक फायलींतून काढून कोर्टाच्या फाईलला जोडले. त्या फायली वकिलाकडे मीच पाठवल्या होत्या. परत आल्या तेव्हा आतलं एखादं पान कमी आहे हे मला कळलं नाही, कारण मी आत बघतच नव्हतो. सुनंदाला कधी मेमो मिळाला होता हेच मला माहीत नव्हतं. ती कधी बोलली नाही.

"म्हणजे तिच्या हातचा खुलासा आहे?"

"असायला पाहिजे. फाईल भिवंडीच्या गोडाऊनमध्ये आहे. पण काका..." मृणाल मॅडमनी माझ्याकडे बघितलं नाही. "केस संपून मुदत भरली. यंदाच्या नष्ट यादीत आहे ती. गुरुवारी सकाळी बॉक्स इथे येणार आणि त्याच दिवशी कागद फाडायच्या मशीनची गाडी."

"मग गुरुवारी मी येतो."

"बाहेरच्या माणसाला तिथे थांबता येत नाही."

"मी बाहेरचा?"

"आता आहात ना काका."

बरोबर बोलल्या. मीच शिकवलंय त्यांना. मग म्हणाल्या, "मी साहेबांना विचारते. तुम्ही या."

गुरुवारी मी साडेआठलाच गेटवर. शर्टाच्या आत प्लॅस्टिकचं फोल्डर घातलं होतं. मी चोरायला गेलो होतो, सरळ लिहून टाकतो. एकेचाळीस वर्षांत टाचणी घरी नेली नव्हती.

नऊला टेम्पो आला. हमालांनी बॉक्स उतरवून कंपाउंडच्या भिंतीला लावले, एकावर एक सहा सहा, आणि नंबराची बाजू भिंतीकडे. बघून माझं टाळकं सरकलं. मी म्हटलं, "अरे बाबांनो, तोंड भिंतीकडे करून कोण ठेवतं? शिक्षा दिलीय काय त्यांना?" हमाल म्हणाला, "चाचा, अभी तो सब फटनेवाला है, मुँह देख के क्या करना?" मी एकेक बॉक्स फिरवायला लागलो. चौऱ्याहत्तर वय. तिसऱ्या बॉक्सला कंबर धरली.

मशीनची गाडी अकराला यायची ती सव्वादहालाच आली. गाडीतच दाते असतात, वरून बॉक्स ओततात, खालून भुगा पडतो. त्यांनी पुढच्या थरापासून सुरुवात केली. आवाज असा की शेजारचा माणूस बोललेला ऐकू येईना. आमचा बॉक्स पुढच्या थरात आहे का मागच्या, कोणालाच माहीत नाही. मी मृणाल मॅडमचा हात धरला. बाईमाणसाचा हात असा कधी धरला नाही. त्या गाडीपुढे गेल्या, दोन्ही हात वर केले आणि मशीन बंद करायला लावलं. गाडीवाला म्हणाला, "मॅडम, आज अजून तीन कंपन्या आहेत." त्या म्हणाल्या, "असू देत. आधी सगळे नंबर माझ्या बाजूला फिरवा."

मागच्या थरात, खालून दुसरा. त्यात कोर्टाची फाईल, लाल नाडीने बांधलेली, गाठ मारलेली. गाठ सुटेना. दाताने सोडवली.

मेमो, खुलासा, मेमो, खुलासा. नंबर बघत गेलो. ३१८ आला. खालच्या पानावर मी तिचं अक्षर बघितलं. जरा डावीकडे झुकलेलं, शब्दाच्या वरची रेघ शब्द संपला तरी पुढे जायची तिची. हे मी विसरलो होतो. बघितल्याबरोबर आठवलं, जसं दार उघडून ती आत आली.

वाचलं नाही. हात शर्टाच्या बटणाकडे गेला.

"काका, असं नको," मृणाल मॅडम म्हणाल्या. कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात.

मला इतकी लाज वाटली की फाईल खाली ठेवली. त्यांनी नष्ट यादी पुढे ओढली, त्या बॉक्सच्या ओळीपुढे लिहिलं, 'यातील दोन पाने कर्मचाऱ्याच्या पतीस दिली', खाली सही केली आणि पेन मला दिलं. "मिळाली म्हणून सही करा."

"असं करता येतं?"

"कोणी करू नका म्हटलंय? नियमात बघा ना. नष्ट करण्याआधी वेगळं काढलं तर नोंद करावी, एवढंच आहे."

नियम माझ्याच काळचा. मी सही केली. त्या फिटरला फोटो देता आला असता. एक ओळ लिहायची होती फक्त.

घरी आलो आणि वैशालीला फोन केला. ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली. मी म्हटलं, तूच वाच, माझा चष्मा चालत नाही. चष्मा चालतो माझा. तिने आधी मेमो वाचला. अमुक दिवशी दुपारी दोन वीस ते तीन तीस या वेळेत परवानगीशिवाय लाईन सोडून गैरहजर, चोवीस तासांत खुलासा करावा. मग खालचं पान.

"महाशय, मी लाईन सोडली हे खरे आहे. त्या दिवशी सरकारी तपासणी होती व माझ्या मिस्टरांकडून एक फाईल सापडत नव्हती. संध्याकाळपर्यंत सापडली नाही तर त्यांना काढणार असे वर सगळे बोलत होते. मी खाली जाऊन दफ्तराच्या बाहेर पायरीवर बसले. दार आतून बंद होते. मी हाक मारली नाही. मी आले हे कळले असते तर त्यांना लाज वाटली असती. आत फायली पडत असल्याचा आवाज येत होता. मग ते आतून एकटेच गावली गावली म्हणून ओरडले तेव्हा मी वर आले. काय शिक्षा द्यायची ती द्यावी. पण असे पुन्हा करणार नाही असे मी लिहून देणार नाही, कारण पुन्हा असे झाले तर मी पुन्हा जाईन. कळावे. सौ. सुनंदा विठ्ठल गावडे, टोकन ३१८."

वैशाली रडत होती. मी तिला म्हटलं, लॅमिनेशन करू नकोस, कागद गुदमरतो. टाचणी काढ, गंज लागलाय. असलंच काहीतरी बोलत राहिलो.

तो दिवस मला लख्ख आठवतो. तीन रॅक मी खाली ओढले होते. फाईल दुसऱ्या फाईलच्या पोटात खळीने चिकटून बसली होती. शेवटी ती मी सोलून काढली. कडी काढून बाहेर आलो तेव्हा पायरीवर कोणी नव्हतं. माझ्यासाठी सगळ्या कंपनीत कोणीही आलं नाही, एवढंच मला तेव्हा वाटलं. आणि ते मी इतकी वर्षं मनात धरून होतो.

त्या संध्याकाळी घरी तिने विचारलं होतं, "आजचो दीस कसो गेलो?"

मी म्हटलं, "रोजच्यासारखा."

"माझोय तसोच," ती म्हणाली आणि मला भात वाढला.